थायमस ग्रंथीचा दुर्मिळ कर्करोग : रुग्णाचे आयुर्मान ठरविणारे घटक – एक अभ्यास

प्रस्तावना

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या आणि शिबिरांचा तपशील यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक अभ्यासलेख असावा, असा आमचा प्रघात आहे. मधुमेह, क्षयरोग, सर्पदंश, गर्भारपणातील रक्तक्षय असे आपल्या तालुक्यात नित्य आढळणारे विषय सोडून यंदा आम्ही एक अत्यंत दुर्मिळ विषय निवडला आहे. छातीच्या मधल्या हाडामागे असणाऱ्या थायमस ग्रंथीचा कर्करोग हा तो विषय होय. आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी असलेल्या धर्मादाय रुग्णालयाने अशा रोगाचा विचार का करावा, हा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या रोगाची शस्त्रक्रिया आपल्या येथे होणार नसली तरी रुग्णाची पहिली तक्रार, पहिला एक्स-रे आणि पहिले औषध बहुधा आपल्यासारख्या लहान रुग्णालयातच घडते. पुढे मोठ्या केंद्रात काय करता येईल, हे या पहिल्या पायरीवर बरेच अवलंबून असते.

आम्ही वैद्यक नाही. वाणिज्य शाखेचे शिक्षण आणि रुग्णालयाच्या प्रशासनातील अनुभव एवढीच आमची शिदोरी आहे. त्यामुळे या लेखात औषधोपचाराचा सल्ला नाही. वैद्यकीय जगतात प्रसिद्ध झालेले निष्कर्ष समजून घेऊन, त्यातील आकड्यांचा अर्थ लावून, ते विश्वस्त, देणगीदार, कर्मचारी आणि रुग्णांचे नातलग यांच्यापुढे सोप्या शब्दांत मांडणे, इतकाच आमचा हेतू आहे.

थायमस म्हणजे काय ?

थायमसला मराठी परिभाषेत ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव आहे आणि ते अत्यंत समर्पक आहे. बालपणी ही ग्रंथी ठळक असते. वयात आल्यानंतर ती हळूहळू आक्रसते आणि उतारवयात तिच्या जागी बहुतांशी चरबी उरते. हृदयाच्या वरच्या अंगाला, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या समोर तिचे स्थान असते. दीर्घकाळ या ग्रंथीचे कार्य कोणास ठाऊक नव्हते. १९६१ मध्ये जॅक मिलर या शास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगांतून तिचे महत्त्व सिद्ध केले. शरीराचे संरक्षण करणाऱ्या ‘टी’ पेशी येथे तयार होऊन परिपक्व होतात. आपले कोण आणि परके कोण, हे ओळखण्याचे शिक्षण त्यांना याच ग्रंथीत मिळते.

हे शिक्षणाचे कार्य ध्यानात ठेवले म्हणजे या ग्रंथीच्या गाठींचे एक चमत्कारिक वैशिष्ट्य उलगडते. गाठ छातीत असते, पण रुग्णाच्या डोळ्यांच्या पापण्या गळतात, चावताना जबडा थकतो, बोलताना आवाज नाकातून येऊ लागतो. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ नावाच्या या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्नायूंना मिळणाऱ्या संदेशात अडथळा आणते. थायमोमा असलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा विकार आढळतो. उलट, मायस्थेनिया असलेल्या दर शंभर रुग्णांपैकी दहा ते पंधरा जणांनाच थायमसची गाठ असते.

गाठींचे दोन कुळे

थायमसच्या आवरणपेशींपासून होणाऱ्या गाठींची ढोबळमानाने दोन कुळे मानतात. पहिले ‘थायमोमा’ आणि दुसरे ‘थायमिक कार्सिनोमा’, म्हणजे थायमसचा खरा आक्रमक कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात थायमोमाचे ए, एबी, बी-१, बी-२ आणि बी-३ असे प्रकार केलेले आहेत. ए आणि एबी हे प्रकार सामान्यतः सौम्य वागतात, तर बी-३ हा अधिक उपद्रवी ठरतो. तथापि आज कोणताच थायमोमा पूर्णपणे निरुपद्रवी मानला जात नाही.

या रोगाची दुर्मिळता किती, याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येईल. युरोप-अमेरिकेतील नोंदींनुसार दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण सव्वा ते पावणेदोन रुग्ण आढळतात. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. तोच दर येथे लावला तर संपूर्ण जिल्ह्यात वर्षाला फार तर दोन रुग्ण व्हावेत. त्यांतही खरा कर्करोग सुमारे सातांपैकी एकाला, म्हणजे जिल्ह्यात तीन-चार वर्षांतून एखादा रुग्ण. एखाद्या डॉक्टरने आष्टी, कारंजा, आर्वी या पट्ट्यात आयुष्यभर व्यवसाय केला तरी असा रुग्ण त्याच्यासमोर एकदाही न येणे शक्य आहे. ज्या रोगाची सवय नाही, त्याची शंकाही येत नाही, आणि येथूनच विलंबाला प्रारंभ होतो.

आकड्यांचा अर्थ कसा लावावा ?

आयुर्मानाविषयीच्या अभ्यासांत ‘पाच वर्षांचे जीवितमान’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. जीवितमान ६० टक्के आहे, याचा अर्थ निदानानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी शंभरांपैकी साठ रुग्ण हयात होते, इतकाच. रुग्ण पाचच वर्षे जगेल, असा त्याचा अर्थ नव्हे. नातलगांचा येथे हमखास गैरसमज होतो आणि उपचारांचा धीर सुटतो. म्हणून हा खुलासा अगत्याचा वाटतो.

दुसरी बाब कारणमीमांसेची आहे. बाजार समितीत दोन गाड्यांतील कापसाला वेगवेगळा भाव मिळाला, तर तो फरक ओलाव्यामुळेच पडला असे एकदम म्हणता येत नाही. धाग्याची लांबी, कचऱ्याचे प्रमाण, वेचणीची वेळ हे सारे समान धरूनच ओलाव्याचा परिणाम मोजावा लागतो. रुग्णांच्या अभ्यासातही हेच तत्त्व लागू पडते. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार मिळाले ते अधिक जगले असे दिसले, तर किरणोपचार सोसण्याइतकी त्यांची प्रकृती मुळातच बरी होती काय, हे पाहावे लागते. सर्व घटक एकत्र मांडून प्रत्येकाचा स्वतंत्र वाटा काढण्याच्या पद्धतीला बहुघटकी विश्लेषण म्हणतात. या रोगात रुग्ण इतके थोडे आहेत की एका रुग्णालयाच्या अनुभवावरून असे विश्लेषण होऊ शकत नाही. म्हणूनच अनेक देशांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या. थायमसच्या गाठींच्या अभ्यासासाठी २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. पुढे दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित नोंदींवरून या रोगाच्या अवस्थांची नवी मांडणी करण्यात आली.

आपल्या देशातही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करणाऱ्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी ६२ थायमोमा रुग्णांचा अनुभव २०१४ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो या रोगाचा पहिला मोठा भारतीय अनुभव म्हणून मांडला. देशभरातून रुग्ण येणाऱ्या संस्थेत ६२ ही संख्या ‘मोठी’ ठरावी, यातच या रोगाची दुर्मिळता स्पष्ट होते.

आयुर्मान ठरविणारे प्रमुख घटक

१) गाठीचा प्रकार : थायमोमा की कार्सिनोमा, हा पहिला भेद. थायमोमा बहुधा संथ वाढतो आणि पसरलाच तर फुप्फुसावरील आवरणावर पसरतो. कार्सिनोमा मात्र लसिका ग्रंथी, फुप्फुस, यकृत, हाडे अशा दूरच्या ठिकाणीही जातो. युरोपातील छाती-शल्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २२९ कार्सिनोमा रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांचे जीवितमान ६१ टक्के, तर दहा वर्षांचे ३७ टक्के आढळले. हे प्रामुख्याने शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांचे आकडे आहेत. ज्यांना उशीर झाला ते या हिशेबात फारसे नाहीत, याचे भान ठेवावे.

२) रोगाची अवस्था : जपानी शल्यतज्ज्ञ मासाओका यांनी १९८१ मध्ये या गाठींच्या चार अवस्था सांगितल्या. गाठ स्वतःच्या आवरणात असणे ही पहिली, आवरण ओलांडून भोवतालच्या चरबीत शिरणे ही दुसरी, शेजारच्या अवयवात शिरणे ही तिसरी आणि दूर पसरणे ही चौथी. त्यांच्या मूळ अभ्यासात पाच वर्षांचे जीवितमान या क्रमाने सुमारे ९३, ८६, ७० आणि ५० टक्के होते. १९९४ मध्ये या वर्गीकरणात सुधारणा झाली. अलीकडे इतर कर्करोगांप्रमाणे गाठीचा विस्तार, लसिका ग्रंथी आणि दूरचा प्रसार या तीन निकषांवर आधारलेली पद्धतही वापरली जाते. पद्धत कोणतीही असो, तात्पर्य एकच की गाठ शेजारच्या अवयवांत शिरण्यापूर्वी सापडली तर रुग्णाचे पारडे जड असते.

३) शस्त्रक्रियेची पूर्णता : आम्ही वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासात हा घटक अग्रभागी आहे. जपानमधील ११५ संस्थांच्या नोंदी एकत्र करून २००३ मध्ये १,३२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १,०९३ थायमोमाचे, १८६ कार्सिनोमाचे आणि ४१ कार्सिनॉइड या तिसऱ्या, आणखी दुर्मिळ प्रकाराचे रुग्ण होते. त्यातील निष्कर्ष कोष्टकाऐवजी शब्दांत देतो. तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेतील थायमोमात गाठ पूर्ण काढता आली त्यांचे पाच वर्षांचे जीवितमान ९३ टक्के, अंशतः काढता आली त्यांचे ६४ टक्के आणि शस्त्रक्रिया शक्य झाली नाही त्यांचे ३६ टक्के होते. कार्सिनोमात हेच आकडे अनुक्रमे ६७, ३० आणि २४ टक्के होते.

या आकड्यांत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, पुढे गेलेल्या अवस्थेतही पूर्ण शस्त्रक्रियेने मोठा फरक पडतो. म्हणून ‘गाठ मोठी आहे, आता काही उपयोग नाही’ असे कोणी परस्पर ठरवू नये. दोन, कार्सिनोमात अर्धवट शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रिया न होणे यांत अंतर थोडेच राहते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, पहिली शस्त्रक्रिया अनुभवी हातांकडून व्हावी. ‘जवळ आहे, स्वस्त आहे, उद्याच करतात’ ही निवडीची कसोटी होऊ शकत नाही. गाठ सुरुवातीस न काढण्याजोगी वाटली, तरी आधी रसायनोपचार देऊन ती लहान करून मग शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग तज्ज्ञ केंद्रात उपलब्ध असतो.

४) किरणोपचार आणि औषधे : आंतरराष्ट्रीय गटाने १,०४२ कार्सिनोमा रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आरंभीची अवस्था, पूर्ण शस्त्रक्रिया आणि किरणोपचार या तिन्हींचा दीर्घ आयुर्मानाशी संबंध आढळला. थायमोमाच्या पहिल्या अवस्थेत मात्र गाठ पूर्ण निघाल्यावर किरणोपचारांची सहसा गरज नसते. पसरलेल्या रोगात प्लॅटिनम गटातील औषधांवर आधारलेले रसायनोपचार दिले जातात. कार्सिनोमात कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी प्रचलित आहे आणि ती आज अनेक शासकीय व धर्मादाय केंद्रांतही मिळू शकते.

नव्या औषधांचा उल्लेख करणे प्राप्त आहे, कारण नातलग त्यांची नावे ऐकून येतात. २०२० मध्ये जपानमध्ये लेन्व्हाटिनिब या गोळीचा ४२ रुग्णांवर अभ्यास झाला आणि सुमारे ३८ टक्के रुग्णांत गाठ लक्षणीय प्रमाणात लहान झाली. २०१८ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाचा ४० रुग्णांतील परिणाम प्रसिद्ध झाला. त्यात २२.५ टक्के रुग्णांना लाभ झाला, परंतु सुमारे १५ टक्के रुग्णांत गंभीर स्वरूपाचे प्रतिकूल परिणाम दिसले. ज्या ग्रंथीचे काम प्रतिकारशक्तीला शिस्त लावणे, तिच्याच रोगात प्रतिकारशक्ती मोकळी सोडणारे औषध दिल्यास ती हृदयाच्या व इतर स्नायूंवर उलटू शकते. म्हणून अशी औषधे आधी रक्त, स्नायू आणि हृदयाची तपासणी करून तज्ज्ञ देखरेखीतच दिली जातात. घरदार विकून ती मिळविण्यापूर्वी आपल्या रुग्णासाठी ती योग्य आहेत काय, हा प्रश्न तज्ज्ञांना स्पष्टपणे विचारावा.

५) मायस्थेनिया आणि इतर सहविकार : पूर्वी मायस्थेनिया असणे हे अशुभ लक्षण मानले जाई, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी श्वसनाचे स्नायू निकामी होऊन रुग्ण दगावत. भूल देण्याच्या आणि अतिदक्षतेच्या सोयी सुधारल्यावर चित्र पालटले. पापण्या गळू लागल्याने रुग्ण लवकर डॉक्टरांकडे जातो, छातीची तपासणी होते आणि गाठ लहान असतानाच सापडते. त्यामुळे अनेक अभ्यासांत मायस्थेनिया असलेल्या थायमोमा रुग्णांचे आयुर्मान कमी आढळत नाही. खऱ्या कार्सिनोमात मात्र मायस्थेनिया क्वचितच असतो. तेथे हा पूर्वसूचनेचा भोंगा वाजत नाही आणि रोग गुपचूप वाढतो. काही थायमोमा रुग्णांत लाल रक्तपेशी तयार होणे थांबते किंवा रक्तातील संरक्षक प्रथिने घटून वारंवार जंतुसंसर्ग होतो. गाठ निघाल्यानंतरही असा संसर्ग जिवावर बेतू शकतो, म्हणून साध्या तापाकडेही या रुग्णांत दुर्लक्ष करू नये.

६) वय, लिंग आणि प्रकृती : हा रोग प्रामुख्याने चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान आढळतो. स्त्री की पुरुष, या भेदाचा आयुर्मानावरील परिणाम सर्व अभ्यासांत सारखा आढळत नाही. वय वाढले म्हणजे इतर आजारांची भर पडते आणि मोठी शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद कमी होते. पण वयाचा आकडा पाहून उपचार नाकारणे योग्य नव्हे. चालते-फिरते असणे, पोषण, फुप्फुसांची क्षमता आणि तंबाखू-बिडीपासून दूर राहणे यांना अधिक महत्त्व आहे.

७) पाठपुराव्याचा काळ : थायमोमा शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीही पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून थायमोमात किमान दहा वर्षे आणि कार्सिनोमात किमान पाच वर्षे नियमित सी.टी. स्कॅनसह तपासणी करण्याची शिफारस आहे. पुन्हा आलेली गाठ वेळेवर सापडली तर पुन्हा शस्त्रक्रिया करून ती काढता येते. ‘आता बरे वाटते’ म्हणून पाठपुरावा थांबविणारा रुग्ण ही संधी गमावतो.

आपल्या परिसरात विलंब कोठे होतो ?

वरील घटकांपैकी गाठीचा प्रकार आपल्या हाती नाही. अवस्था मात्र काही अंशी आपल्या हाती आहे, कारण ती काळाबरोबर बदलते. म्हणून विलंबाच्या जागा ओळखणे हा या अभ्यासाचा आमच्या दृष्टीने मुख्य भाग आहे.

पहिली जागा एक्स-रेची. महिनोन्‌महिने खोकला, छातीत दुखणे, वजन घटणे ही लक्षणे ऐकली की आपल्याकडे प्रथम क्षयरोगाची शंका येते आणि ती यावीच. परंतु थुंकीच्या तपासणीत जंतू न सापडता केवळ सावलीवरून औषधे सुरू झाली, तर काही महिने निघून जातात. छातीच्या मध्यभागाची सावली रुंदावलेली दिसल्यास बाजूने एक्स-रे काढणे आणि नंतर रंगद्रव्य देऊन सी.टी. स्कॅन करणे, हा क्रम आहे. चेहरा सुजणे, मानेच्या शिरा फुगणे, आवाज बसणे ही लक्षणे सोबत असतील तर रुग्णास त्याच दिवशी पुढे पाठवावे.

दुसरी जागा पापण्यांची. पावसाळ्यात पहाटे एखाद्याच्या पापण्या अचानक गळल्या तर आपल्या भागात मण्यार किंवा नाग चावल्याची शंका प्रथम घ्यावी आणि ताबडतोब उपचार करावेत, यात दुमत नाही. परंतु तीच तक्रार आठवडे-महिने चालू असेल, सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त होत असेल, विश्रांतीने बरी वाटत असेल, तर मायस्थेनियाचा विचार व्हावा. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवल्यावर पापणी उचलली जाते काय, ही बिनखर्चाची तपासणी कोणत्याही दवाखान्यात करता येते. मायस्थेनियाचे निदान झालेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या छातीचा स्कॅन झालाच पाहिजे.

तिसरी जागा औषधांची. जेंटामायसिनसारखी, तसेच एरिथ्रोमायसिन व सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्या गटांतील प्रतिजैविके आणि शिरेतून दिलेले मॅग्नेशियम यांनी मायस्थेनिया एकाएकी बळावू शकतो. गाठीचे निदान होण्यापूर्वी अंदाजाने स्टिरॉइड दिल्यास गाठीचे स्वरूप बदलते आणि तपासणीत गोंधळ होतो. मायस्थेनियासाठी पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या घेणाऱ्या शेतकऱ्याने ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांची फवारणी टाळावी, कारण गोळी आणि विष शरीरातील एकाच रसायनावर परिणाम करतात. कपाशी आणि संत्र्याच्या पट्ट्यात ही सूचना रुग्णाच्या कार्डावर ठळकपणे लिहिणे आवश्यक आहे.

चौथी जागा सुईची. छातीतील प्रत्येक गाठीचा तुकडा काढून तपासलाच पाहिजे, असे नाही. सी.टी. स्कॅनमध्ये गाठ थायमोमासारखी आणि पूर्ण काढण्याजोगी दिसली, तर तज्ज्ञ थेट शस्त्रक्रिया करतात, कारण गाठीचे आवरण विनाकारण छेदणे इष्ट नसते. उलट लिम्फोमा किंवा क्षयाची शंका असेल तर तुकडा आवश्यक असतो, कारण त्या रोगांत उपचार औषधांचे असतात. तरुण पुरुषांत काही रक्ततपासण्या आधी कराव्या लागतात. हा निर्णय तज्ज्ञांच्या गटावर सोडावा.

पाचवी आणि आमच्या खात्याशी निगडित जागा पैशांची आणि कागदपत्रांची. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या अखेरीस राज्यभर लागू झाली. तिला २०१७ मध्ये सध्याचे नाव मिळाले. शासनाच्या २०२३ मधील निर्णयानुसार तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढली आणि कुटुंबामागे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये झाले. याशिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या आहेत. त्यासाठी देयकांच्या दोन टक्के रकमेचा स्वतंत्र निधी ठेवावा लागतो. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव जुळत नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, जुने एक्स-रे हरवले, अशा क्षुल्लक कारणांनी शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते. हे काम वैद्यकीय नाही, तरीही रोगाची अवस्था बदलण्यास ते कारणीभूत होऊ शकते, याची जाणीव कार्यालयातील प्रत्येकाने ठेवावी.

रुग्णास कोठे पाठवावे ?

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही आपल्या जिल्ह्यातील मोठी शिक्षण-रुग्णालये होत. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. ज्या तुकडोजी महाराजांचे नाव १९४२ च्या आष्टी-चिमूर लढ्याशी जोडलेले आहे, त्यांचे देहावसानही १९६८ मध्ये कर्करोगानेच झाले, हे येथील जुन्या पिढीला ठाऊक आहे. स्कॅन आणि प्राथमिक निदान जवळच्या केंद्रात करून, छातीच्या शस्त्रक्रियेचा, कर्करोगाच्या औषधांचा आणि किरणोपचारांचा तज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात अशा ठिकाणी पुढील उपचार व्हावेत. मुंबईस जावे लागल्यास दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था बाहेरगावच्या रुग्णांच्या निवासाची सोय करतात. रेल्वे आणि एस.टी. प्रवासात कर्करोग्यांना सवलत आहे. त्यासाठी लागणारा दाखला रुग्णालयातूनच मिळतो.

अभ्यासाअंती घेतलेले निर्णय

वरील विवेचनाच्या आधारे आमच्या प्रशासनाने पुढील बाबी अमलात आणण्याचे ठरविले आहे.

अ) क्षयरोगाची औषधे सुरू होऊनही अपेक्षित सुधारणा न दिसणाऱ्या रुग्णाचा एक्स-रे पुन्हा पाहिला जाईल. छातीच्या मध्यभागी संशयास्पद सावली असल्यास त्यास विनाविलंब सी.टी. स्कॅनसाठी पाठविले जाईल.

आ) मायस्थेनियाच्या रुग्णाच्या केसपेपरवर लाल शाईत टाळावयाच्या औषधांची यादी लावली जाईल.

इ) पुढे पाठविलेल्या प्रत्येक कर्करोग्याची संचिका दोन प्रतींत ठेवली जाईल. एक रुग्णाजवळ, दुसरी आपल्या अभिलेख कक्षात. त्यात सी.टी. स्कॅन, तपासणीचा अहवाल, शस्त्रक्रियेचा सारांश आणि योजनेची कागदपत्रे असतील.

ई) पाठपुराव्याच्या तारखांची स्वतंत्र नोंदवही राहील. तारीख उलटून गेली तर दूरध्वनी करून किंवा गावच्या आशा सेविकेमार्फत निरोप देऊन रुग्णास आठवण दिली जाईल. ही नोंद दहा वर्षे चालू ठेवली जाईल.

यांपैकी एकाही बाबीस नव्या यंत्राची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. त्यांचा उपयोग केवळ थायमसच्या रुग्णालाच होईल असेही नाही. स्तन, मुख, गर्भाशयमुख अशा नेहमी आढळणाऱ्या कर्करोगांच्या रुग्णांनाही हीच संचिका आणि हीच नोंदवही उपयोगी पडणार आहे.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे की, रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी आणि सी.टी. स्कॅनच्या शुल्कासाठी शक्य तो हातभार लावावा. बाजूने काढलेल्या एका एक्स-रेचा आणि वर्धेपर्यंतच्या एका फेरीचा खर्च फार नसतो, परंतु हंगामाच्या ऐन दिवसांत मजुरी बुडवून तो करणे आपल्या परिसरातील अनेक कुटुंबांना जड जाते.